जैवऊर्जेचा पूर्वेतिहास आणि ग्रंथसूचीतील शब्द

मानखुर्दला लागूनच, १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारी देवनारची कचराभूमी आहे. जवळच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू मिळविणारी ‘निसर्गऋण’ पद्धती सिद्ध झाली. या परिसरातील विद्यार्थी प्रबंधासाठी विद्यापीठाच्या कालिना येथील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात गेला, की सूचीत ‘जैवऊर्जा’ हाच शब्द शोधतो. आणि विषयाचा इतिहास त्याच्यापुरता फार उशिरा सुरू होतो.

वस्तुतः १८९७ मध्येच माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात, मैल्याच्या टाकीतील वायू साठवून उपयोगात आणला गेला. परंतु त्या काळी या वायूकडे ऊर्जेचा प्रश्न म्हणून कोणी पाहिले नाही. प्रश्न होता मैल्याचा. म्हणून कार्कीट जेम्स यांच्या ‘ओरिएंटल ड्रेनेज’ (१९०२) सारखा ग्रंथ ड्यूई वर्गीकरणात ६२८ या आरोग्य-अभियांत्रिकीच्या क्रमांकाखाली जातो, आणि ऊर्जेचे कपाट चाळणाऱ्याच्या दृष्टीस तो पडत नाही.

पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांचे संयंत्र आले आणि पार्ल्याच्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. वायू तोच, नाव मात्र ‘गोबर गॅस’. (मराठीत ‘शेण’ असता ‘गोबर’ रूढ व्हावा, हे हिंदी प्रचारसाहित्याचे फळ असावे.) साहित्य आता शेती व ग्रामोद्योग या विभागांत विखुरले. ‘बायोगॅस’ ही संज्ञा त्यानंतर स्थिरावली.

तेव्हा अभ्यासकाने प्रथम ‘मलनिःसारण’ आणि ‘सेप्टिक टँक’ या नोंदी पाहाव्यात, आणि मगच एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागाराकडे वळावे.