समज (समज देणे)

समज : स्त्रीलिंगी नाम. चुकणाऱ्याला शिक्षा न करता, पुन्हा तसे होऊ नये म्हणून दिलेली सौम्य सूचना. मूळ संस्कृत 'सम् + बुध्', म्हणजे नीट जाणणे. 'संबुध्यते'चे प्राकृतात 'संबुज्झइ' झाले. त्यातला उकार तुलसीदासांच्या अवधीत 'समुझि' अशा रूपांत टिकलेला दिसतो. मराठीत तो गेला आणि 'झ'चाही 'ज' झाला. 'संध्या'पासून हिंदीत 'सांझ' पण मराठीत 'सांज' झाली, तसाच हा बदल. हा शब्द मराठीत दोन लिंगांत चालतो, आणि अर्थाची किल्ली तिथेच आहे. 'लोकांचा असा समज आहे' यातला पुल्लिंगी समज म्हणजे मत, तेही बरेचदा चुकीचे. 'मुलाला समज आली' यातली स्त्रीलिंगी समज म्हणजे जाणण्याची शक्ती. आपण 'समज दिली' म्हणतो, 'समज दिला' म्हणत नाही. देणारा आपले मत लादत नाही, समोरच्याच्या जाणतेपणाला हाक घालतो. या शब्दाचा मऊपणा त्यातून येतो.

यावर 'तंबी'चा आक्षेप रास्त आहे. अरबी 'तंबीह'चा अर्थही जागे करणे, जाणीव देणे असाच. तरी मराठीत तंबी कडकच. तेव्हा नुसत्या मूळ अर्थावरून शब्दाचा सूर ठरत नाही, हे मान्य करायला हवे. सूर ठरतो तो भोवतीच्या गोतावळ्यावरून. तंबी आणि ताकीद फारसीमार्फत कारभाराच्या भाषेतून आल्या. हुकूम सोडणाऱ्याचा आवाज त्यांना चिकटलेला आहे, आणि घरात त्यांना सोबत करणारे क्रियापद नाही. समजेभोवती मात्र समजणे, समजावणे, समजूत, समजूतदार ही रोजची माणसे आहेत. रुसलेल्याची समजूत काढतात, ती त्याच धातूने.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पोलीस 'समज देऊन सोडतात', तेव्हा त्यामागे कारवाईची धमकी असतेच; मग हे सौम्य कसे? धमकी आहे, पण ती शब्दात नाही, देणाऱ्याच्या अधिकारात आहे. म्हणूनच कडकपणा दाखवायचा झाला की बातमीदाराला 'कडक शब्दांत समज दिली' असे वेगळे लिहावे लागते. सरकारी नोकरीतही हीच पायरी दिसते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधील शिक्षांची यादी 'ठपका ठेवणे' येथून सुरू होते. समज त्या यादीच्या बाहेर, ठपक्याच्याही अलीकडे राहते.