घाटरस्ता, पाऊस आणि सातबारा

जुलैतल्या झडीत कौलांवरच्या आवाजापुढे गुरुजींचा आवाज पोहोचत नसे, हे आंबोलीच्या शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको. वर्षाला ७०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस, सदाहरित रान आणि जेमतेम ६९० मीटर उंची. पुस्तकात आपले गाव ‘थंड हवेचे ठिकाण’ एवढ्यावरच संपत असे. गावाचा इतिहास असा आपल्याला कोणी शिकवला नाही.

बाहेरच्यांसाठी तो रस्त्यापासून सुरू होतो. बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ले बंदरात उतरे. तो वर नेण्यासाठी पूर्वी रामघाट होता, पण त्याची चढण बैलगाड्यांचा जीव घेणारी. म्हणून इंग्रजांनी पारपोली-आंबोलीचा घाट बांधला आणि आंबोली मुक्कामाचे ठिकाण झाले. सावंतवाडी संस्थानातले पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांना इथली हवा मानवली आणि त्यांच्या पुढाकाराने गिरिस्थान उभे राहिले. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगावहून रेल्वे घाटावर गेली. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला आणि आपल्या रस्त्यावरची गाड्यांची रांगही.

गावकऱ्यांचा इतिहास मात्र रस्त्याहून जुना आहे, आणि तो जमिनीचा आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांतली जमीन एकेका खातेदाराच्या नावे नव्हती. गावकरी सामाईकपणे संस्थानाला सारा भरण्याची कबुलायत देत. त्यावरूनच ‘कबुलायतदार गावकर’ हा शब्द आला. कोणी कुठे नाचणी पेरायची, गवत कोणाचे, हे गावातच ठरे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा झाला, आणि एका टप्प्यावर सातबाऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ लागले. कसणारा तोच, घर तेच, फक्त उताऱ्यावर नाव नाही. नाव नाही म्हणजे तारण नाही, म्हणजे कर्जही नाही. आपल्या वर्गातले कितीतरी जण गोवा आणि मुंबईकडे गेले, त्याला पावसाइतकेच हेही कारण असावे, असे माझे मत आहे. अलीकडे वाटपाचे निर्णय झाले आहेत, पण वन आणि महसूल यांच्या हद्दींचा घोळ जुना आहे.

गंमत अशी की याच काळात रानातल्या जीवांची नोंद पक्की होत गेली. २००९ मध्ये इथल्या पट्टेदार भेकाला शास्त्रीय नाव मिळाले. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाला नदीचेच नाव दिले गेले आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्याचा अभिमान आहेच. त्या कुंडाचे पाणी पूर्वेला कृष्णेकडे जाते, धबधब्याचे पश्चिमेला अरबी समुद्राकडे.

मेळाव्याला येताना घरातले जुने कागद, साऱ्याच्या पावत्या किंवा कबुलायतीची नक्कल असेल, तर जरूर आणा. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून आणा, पाऊस असणारच.