गोरेटेक्स, घोंगडी आणि घाटघरचा पाऊस

डोंगरात जाणाऱ्या मंडळींच्या गप्पा रात्री उशिरा हमखास एका प्रश्नावर येतात: पैशाचा प्रश्नच नसता, तर सॅकमध्ये काय काय भरलं असतं? मग यादी सुरू होते. डायनीमा कापडाचा अर्ध्या-पाऊण किलोचा तंबू, हंसाच्या मऊ पिसांची स्लीपिंग बॅग, गोरेटेक्सचं तीन थरांचं जॅकेट, घोट्याच्या वर येणारे इटालियन बूट, टायटॅनियमचं भांडं. बेरीज सहज दोन-अडीच लाखांवर जाते. या यादीमागे एक पक्की समजूत आहे. साहित्य जितकं भारी, तितका डोंगर सोपा आणि सुरक्षित. आपण साधं वापरतो ते केवळ परवडत नाही म्हणून. ही समजूत चुकीची आहे असं माझं मत आहे, आणि ती किती चुकीची आहे हे नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात एका पावसाळ्यात कळतं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. पाठीवरचं ओझं कमी झालं की गुडघे वाचतात, तोल सांभाळता येतो, दमलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुका कमी होतात. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतकं जड, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेब. लष्करी चाचण्यांतही तो साधारण चार ते सहा पट असाच उतरला. हलकं आणि टिकाऊ एकाच वेळी हवं असेल तर त्यामागे संशोधन लागतं आणि संशोधनाला पैसे पडतात. यातलं काहीच मी नाकारत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हे संशोधन कोणत्या डोंगरासाठी झालं?

नगर जिल्हा म्हटलं की दुष्काळ आठवतो. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि पूर्वेकडचे तालुके टँकरवर. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात, एका मोसमात चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. कळसूबाई (1646 मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड (1424 मीटर) याच पट्ट्यातले. इथला पाऊस थंड प्रदेशातला नाही. जुलैत हवा 22-24 अंशांची, ढग अंगावर आलेला आणि आर्द्रता शंभराला टेकलेली.

आता गोरेटेक्स घ्या. 1969 साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. शोध मोठाच आहे. पण वाफ आपल्या मर्जीने बाहेर जात नाही. आत आणि बाहेर बाष्पाच्या दाबात जेवढा फरक, तेवढीच ती सरकते. त्वचेजवळची हवा 34 अंशांची आणि घामाने भरलेली धरली, तर बाहेर 5 अंशांचा पाऊस असताना हा फरक 44 हेक्टोपास्कलच्या आसपास येतो. बाहेर 24 अंशांची चिंब हवा असेल तर तो 23 वर उतरतो. म्हणजे ज्या डोंगरांसाठी हे जॅकेट बनलं तिथल्या निम्म्याच जोरावर ते इथे काम करतं, तेही वरचं कापड भिजून बसेपर्यंत. आणि खडी चढण चढणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो.

हे मी हरिश्चंद्रगडाच्या पाचनईच्या वाटेवर डोळ्यांनी पाहिलं. आमच्यातल्या एकाचं जॅकेट त्याच्या महिन्याच्या पगाराइतकं होतं. पहिला ओढा ओलांडून वर आल्यावर त्याने चेन उघडली तर आतला शर्ट पिळून काढावा असा. बाहेरचं पाणी आत आलं नव्हतं. तो आपल्याच घामात भिजला होता. आमच्या पुढे चालणाऱ्या वाटाड्याबाबांच्या डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ होती. एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली, डोक्यावरून पाठीवर सोडलेली, पुढून उघडी. गुडघ्याखाली ते पूर्ण ओले होते, पण छाती-पाठ कोरडी. खाली खाचरांत भाताची आवणी चालली होती. वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरली होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पूर्वी पळसाची पानं, आता बहुतेक प्लास्टिकचा कागद. इरलं अंगाला चिकटत नाही. त्याच्या आणि पाठीच्या मध्ये हवा खेळती राहते, म्हणून दिवसभर कंबरेत वाकून काम करणारी बाई घामाने उकडून निघत नाही. उष्ण पावसातल्या घामाचा प्रश्न कापडाने सुटत नाही, मोकळ्या हवेने सुटतो. आवणी करणाऱ्यांनी तो कधीच सोडवून ठेवला आहे. कोकणकड्यावरच्या वाऱ्यात इरलं टिकणार नाही, हे मान्य. तिथे सॅकसकट पांघरता येईल असा, काखेत मोकळा पोंचो बरा. तोही काही शे रुपयांत मिळतो.

बुटांचं तसंच. जलरोधक अस्तराचा उंच बूट बर्फात उत्तम. पाऊस सरल्यावर साम्रदहून सांदण दरीत उतरा. तिथे पाण्यात शिरावंच लागतं, कधी मांडीपर्यंत तर कधी कंबरेपर्यंत. पाणी बुटाच्या वरच्या तोंडातून आत जातं आणि जे अस्तर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तेच आतलं बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही पायांत डबकी घेऊन माणूस दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तळवे पांढरे पडून सोलतात. शेवाळलेल्या बेसॉल्टवर प्रश्न उरतो तो रबराचा. मऊ रबर कातळाला धरतं, कडक रबर घसरतं. बुटाची किंमत मधे येत नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं हजाराच्या आतबाहेरचे अ‍ॅक्शन ट्रेकिंग बूट का चालले, याचं उत्तर त्यांच्या तळव्यात आहे. भारी बुटांतही उत्तम पकडीचे तळवे असतात. ते रबरासाठी घ्यावेत, अस्तरासाठी नाही.

पिसांच्या स्लीपिंग बॅगेबद्दल थोडक्यात सांगतो. हरिश्चंद्रगडावर डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो. त्यासाठी उणे दहाची बॅग म्हणजे पैसा आणि झोप दोन्ही घालवणं. शिवाय पिसं भिजली की त्यांचा फुगवटा बसतो आणि ऊब जाते. लोकरीचं तसं नाही. आपल्या वजनाच्या तिसेक टक्के ओलावा ती पोटात घेते आणि तरी गार लागत नाही. म्हणून तर मेरिनो लोकरीचे बनियन आज हजारो रुपयांना विकले जातात. दख्खनी मेंढीच्या घोंगडीतही हीच किमया आहे. घोंगडी जड असते, दोन-तीन किलोंची, अंगाला टोचते. ती सॅकमध्ये कोंबा असं मी म्हणत नाही. तत्त्व मात्र तिचं बरोबर आहे आणि पिसांचं, निदान या डोंगरात, चुकीचं.

आणि वजनाचाच विचार करायचा तर एप्रिल-मेमध्ये करा. तंबूतले पाचशे ग्रॅम वाचवायला पन्नास हजार मोजलेला माणूस कुलंगगडाच्या चढणीला पाच लिटर पाणी घेऊन लागतो. वर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यांतल्या कुठल्या टाक्याचं पाणी उन्हाळ्यात पिण्याजोगं असतं ते त्याला ठाऊक नसतं. पायथ्याच्या गावातला माणूस सोबत घेतला असता तर वरची रात्र टाक्यावर निघाली असती आणि पाठीवरून दोन-तीन किलो सरळ उतरले असते. दोन दिवसांची त्याची मजुरी त्या तंबूच्या किमतीपुढे काहीच नाही.

इथे मला दुसऱ्या बाजूलाही विरोध करायचा आहे. ‘मावळे अनवाणी चढायचे, तुम्हाला कशाला लागतं सामान?’ असं छाती फुगवून विचारणारे आपल्यात कमी नाहीत. हा युक्तिवाद माणसं मारतो. जीन्स घालून पावसात कळसूबाईला निघालेला पोरगा वरच्या वाऱ्यात कुडकुडतो, कारण सुती कापड पाणी धरून ठेवतं. अलंग-मदन या गडांच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 नंतर सुरुंगाने उडवल्याचं सांगतात. त्या तुटलेल्या टप्प्यांवर दोर, हार्नेस आणि हेल्मेट प्रमाणित आणि नवंच हवं. दोराचं वय विचारा, तो कुठे घासलाय ते हाताने चाचपून पाहा. इथे काटकसर करणं गुन्हा आहे. भारी साहित्य नको असं माझं म्हणणं नाहीच. जिथे पडलात तर जीव जातो तिथे पैसा ओता, बाकी ठिकाणी डोंगराला विचारा.

अमेरिकेत 1955 साली 67 वर्षांच्या एमा गेटवुड तीन हजारांहून जास्त किलोमीटरची अ‍ॅपलाचियन वाट एकट्या चालल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. आपण मात्र त्यांच्या देशातल्या दुकानांच्या याद्या उतरवून घेतो. आपल्याकडे पारनेर-संगमनेरकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घोड्यावर बिऱ्हाड, खांद्यावर घोंगडी, रोज नव्या रानात वाडा. महिनोन् महिने उघड्यावर राहून त्यांनी जे पारखून घेतलं, ते कुणी साहित्य म्हणून कधी अभ्यासलं नाही.

तेव्हा पैशाचा प्रश्न खरंच नसेल, तर मी काही विकत घेणार नाही. मी करवून घेईन. मऊ रबराचा, पाणी सोडणारा, हलका बूट, घाटघरच्या कातळावर घासून पाहिलेला. पाठीपासून चार बोटं वर राहणारं, घडी होणारं इरलं, कामट्यांऐवजी कार्बनच्या काड्यांचं. आणि घोंगड्या विणणाऱ्या सणगरांच्या मागावर विणलेलं, किलोभराचं, विरळ विणीचं दख्खनी लोकरीचं पांघरूण. यातलं एकही आज कुठल्या दुकानात मिळत नाही. मागणारेच नाहीत तर बनवणार कोण? ज्यांच्या हातात आज दोन-अडीच लाख आहेत त्यांनी ते मागावं, ही माझी त्यांना विनंती आहे.

कच्चा माल जवळच आहे. चौंडीत धनगराच्या घरात जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचं नाव या जिल्ह्याला 2024 मध्ये मिळालं. त्याच जिल्ह्यात मेंढ्या कातरायला आज मेंढपाळ खिशातून पैसे मोजतो, आणि निघालेली लोकर घ्यायला कुणी येत नाही म्हणून ती रानात टाकून पुढच्या मुक्कामाला जातो.