मुतखडा फोडण्याची घाई

मुतखड्यासाठी बरगडीखाली मोठा छेद घेण्याचे दिवस संपवले ते विमाने बांधणाऱ्या एका कंपनीने. अतिवेगाने उडणाऱ्या विमानाच्या पत्र्यावर पावसाच्या थेंबांचा काय परिणाम होतो, हे अभ्यासताना दक्षिण जर्मनीतल्या डॉर्निअर कंपनीच्या अभियंत्यांचे लक्ष शॉक वेव्हकडे गेले. म्युनिकच्या डॉक्टरांनी त्याच लहरी मुतखड्यावर वापरायचे ठरवले आणि फेब्रुवारी १९८० मध्ये ख्रिश्चन शॉसी व सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. पुढे जगभर गेलेल्या एचएम-३ या यंत्रात भूल दिलेला रुग्ण पाण्याच्या टबात ठेवत. टबाच्या तळाशी लंबवर्तुळाच्या आकाराचा धातूचा परावर्तक असे. त्याच्या एका नाभीवर विजेची ठिणगी पडे आणि तिथून निघालेली लहर दुसऱ्या नाभीवर, म्हणजे क्ष-किरणांनी नेम धरून आणलेल्या खड्यावर, एकवटे.

नंतरच्या यंत्रांनी टब काढून टाकला, भुलीची गरज बरीच कमी केली आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला. हा लाभ खराच आहे. पण खडे फोडण्यात यांतली बरीच यंत्रे जुन्या एचएम-३ ची बरोबरी करू शकली नाहीत. माझ्या मते या उपचारातली मोठी सुधारणा नव्या यंत्रांतून कमी आणि ते चालवणाऱ्याच्या हातून जास्त झाली. टबाऐवजी आता पाण्याची उशी आणि जेल असते. त्या जेलमध्ये हवेचे बुडबुडे अडकले की लहर तिथूनच परत फिरते. म्हणून जेल हाताने चोपडत बसू नये. त्याचा एकच मोठा गोळा उशीवर ठेवावा आणि उशी अंगावर दाबूनच तो पसरू द्यावा. वेगाचेही तसेच. प्रत्येक झटक्यानंतर खड्याभोवती सूक्ष्म बुडबुडे उरतात, आणि पुढचा झटका लगेच आला तर ते त्याची ताकद खातात. टोरांटोत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिनिटाला १२० झटक्यांनी ६१ टक्के, तर ६० झटक्यांनी ७५ टक्के रुग्णांत यश आले. सुरुवातीला कमी शक्तीचे झटके दिल्यास मूत्रपिंडाची इजा घटते, हे डुकरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

यात वेळ जातो, ही तक्रार चुकीची नाही. तीन हजार झटक्यांना पंचवीसऐवजी पन्नास मिनिटे लागतात. पण घाईत न फुटलेल्या खड्यासाठी रुग्णाला पुन्हा बोलवावे लागले, तर वाचवलेली पंचवीस मिनिटे कुठे राहिली? दुर्बिणीतून लेझरने खडा एकाच वेळी निघतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या किंवा फार कठीण खड्यांसाठी तो मी मान्य करतो. लहान खड्यांबाबत मात्र शॉक वेव्हला कमी ठरवण्याआधी त्या कशा दिल्या होत्या, हे तपासायला हवे. दुर्बीण शेवटी शरीरात घालावीच लागते.

तेव्हा हा उपचार घेणाऱ्याने डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे: मिनिटाला किती झटके देणार आणि सुरुवात हळू करणार का?