चार मिनिटांचा टाका

वडाळ्यात मोनोरेलच्या खांबाखाली उभे आहात ना? तिथेच थांबा आणि डोळे मिटा. आता एकेक गोष्ट पुसत चला. आधी ते काचेचे उंच मनोरे. मग आयमॅक्स. मग ज्या खांबाला टेकलात तो खांबही. धडपडू नका, मागे भिंत आहे. आता नाकाने बघा. मिठागरांवरून येणारा खारट, थोडा कुजकट वारा. पोर्ट ट्रस्टच्या रुळांवर उभ्या वाघिणींमधून झिरपणाऱ्या तेलाचा वास. कुठेतरी स्टोवर चढलेला चहा. कानात शंटिंगचा धडाड् आवाज, आणि त्याच्या आत एक बारीक, सतत चाललेली चरचर.

ती चरचर तुमच्या हातातून येते आहे. डोळे उघडा, पण काचेतून. 1980 च्या आसपासचा काळ आहे, पत्र्याची शेड आहे आणि तुम्ही वेल्डर आहात. असे गांगरू नका. मनगटावरचे ते बारीक पांढरे डाग बघा, ठिणग्यांनी वर्षानुवर्षं गोंदवलेत.

शेडमध्ये घामाने बनियन अंगाला चिकटलेलं. पाईपमधलं पाणी काही केल्या थांबत नाही, आणि थेंब जरी जोडावर आला तरी वेल्डिंग फसफसून बसतं. मिस्त्री पोराला हाक मारतात, "जा रे, एक पाव आण!" तुम्हाला वाटतं, चहाबरोबर. मिस्त्री पावाचा मऊ भाग कुस्करून पाईपमध्ये ठासतात. पाव पाणी शोषतो, तेवढ्यात तुम्ही टाका मारून घेता. नंतर पाणी सोडलं की पावाचा लगदा दुसऱ्या टोकाने बाहेर. जुन्या फिटरांची ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. म्हणजे, पडणार नाहीये.

कारण बोलावणं आलंय तारापूरहून. अणुवीज केंद्र बंद ठेवून दुरुस्ती निघाली आहे, म्हणजे शटडाऊन, आणि स्टेनलेसवर आर्गन वेल्डिंग करणारे हात हवे आहेत. दादरला विरार गाडीत घुसा. आत शिरायचे ते काही सेकंद, कोपर कुठे, पिशवी कुठे, पाय कुठे, हे अंगाला पाठ आहे तुमच्या. विरारला गाडी बदलली की डबा जरा मोकळा मिळतो. खिडकीतून ताडाची झाडं, भाताची खाचरं, आणि बोईसर जवळ आलं की वाळत घातलेल्या बोंबलांचा तो सुप्रसिद्ध दरवळ. मुंबईपासून शंभरेक किलोमीटर, पण वास वडाळ्याच्या खाडीचा मावसभाऊच.

तुम्हाला वाटतं, लगेच कामाला लावतील. छे! आठवडाभर तालीम. एका मोकळ्या खोलीत खऱ्या जागेची हुबेहूब नक्कल उभी केलीय. तेवढाच पाईप, तेवढीच उंची, मागे तेवढीच अडचणीची भिंत. भिंतीमुळे हेल्मेट नीट खाली येत नाही, उजवा हात वळत नाही, म्हणून अर्धा गोल डाव्या हाताने मारायचा. बाजूला एकजण घड्याळ घेऊन. "पाच मिनिटं वीस सेकंद. परत." पुन्हा मांडी घालायची, पुन्हा टंगस्टनचं टोक जोडाजवळ न्यायचं. दादरच्या फलाटावर जे अंग शिकलं तेच इथे पुन्हा शिकायचं आहे: विचार न करता नेमक्या जागी पोचणं.

दुरुस्तीचा तो पाईप फुटला कसा, हे तुम्ही चहाच्या सुट्टीत विचारता. गंजत नाही म्हणून तर स्टेनलेस घेतात ना? एक वयस्क सुपरवायझर खिशातली सेफ्टीपिन काढतात, उघडून तार पुढे-मागे, पुढे-मागे वाकवतात. पंधराव्या-विसाव्या वेळी टक्. "जोर लावला का मी? नाही. दमली ती." मोठ्या पाईपला फुटलेली एक लहानशी फांदी, तिच्या टोकाला जड व्हॉल्व्ह लोंबतोय, पंप चालू असताना ती अहोरात्र थरथरते. थरथर इतकी बारीक की बोटाला जेमतेम कळावी. पण दम धातूलाही लागतो, आणि तो आधी लागतो वेल्डिंगच्या कडेला, जिथे जोडाचा उंचवटा पाईपला भेटतो. म्हणून नुसता टाका मारून भागत नाही. फांदीला आधार द्यायचा, तिचं हलणं थांबवायचं. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही आहात, पाईप आहे आणि ती फट आहे. (नळाची गळती एम-सीलने बुजवून समाधान मानणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.)

तारापूरच्या अणुभट्टीतल्या पाण्याचा आणखी एक रोग आहे, दमण्यापेक्षा वाईट. दोनशे ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी, त्यात विरघळलेला थोडा प्राणवायू, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ज्या पट्ट्यात स्टेनलेसचं क्रोमियम कणांच्या कडांवरून कमी झालंय तो पट्टा. तिथे धातूच्या कणाकणांमधून फट चालत जाते, बाहेरून सगळं चकाचक. तो तुकडाच कापून नवा बसवावा लागतो. आजचं तुमचं काम त्या मानाने सोपं.

सोपं? चला मग आत.

आधी सुती अंगरखा, त्यावर दुसरा. पायात रबरी बूट, हातात दोन-दोन मोजे, मनगटाला चिकटपट्टी. डोक्यावर टोपडं, तोंडावर मास्क. छातीवर एक बिल्ला, आणि खिशात किरणं मोजणारं, शाईच्या पेनासारखं दिसणारं एक पेन. उजेडाकडे धरून आत बघा: एक केस मोजपट्टीवर शून्यावर उभा आहे. तो जसा पुढे सरकेल तसं तुमचं आतलं आयुष्य खर्च होत जाईल. म्हणजे आतला वेळ. पाईपच्या आतल्या पापुद्र्यात किरणोत्सारी कोबाल्ट बसलंय, त्याला घाई नाही, पाच वर्षांनी कुठे निम्मं होतं. घाई तुम्हाला. किरणांची वर्षाची मर्यादा ठरलेली, दिवसाची ठरलेली, आणि ती मोजणारा हेल्थ फिजिक्सवाला दारात उभा. तुमच्या वाट्याला चार मिनिटं.

लोखंडी जिना उतरा. गरम, दमट, बंदिस्त हवा, पावसाळ्यात लोकलच्या डब्यात खिडक्या लावल्यावर होते तशी. अंगरख्यात घामाचे ओहोळ, पण पुसायला हात नाही. दिव्यांचा पिवळा उजेड, पाईपांचं जंगल, शिशाच्या चटया टांगलेल्या. मास्कमध्ये फक्त स्वतःचा श्वास, आणि तो कुणीतरी दुसराच घेतोय असं वाटतं.

ही बघा ती जागा. आधीच्या माणसाने त्याच्या चार मिनिटांत लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पूड मारली होती. पांढऱ्यावर एक केसाएवढी लाल रेघ उमटली. तीच ती फट. त्याच्या पुढच्याने ग्राइंडरने रेघेच्या मुळापर्यंत खोदलं. आता रूट, म्हणजे तळाचा थर, तुमचा; वरचा थर चौथ्याचा. एका जोडासाठी रांगेत इतकी माणसं! आतमध्ये आर्गन सोडलाय, नाहीतर स्टेनलेसची मागची बाजू जळून साखरेसारखी खडबडीत होते. आर्गन अडवायला आत बूच हवं. वडाळ्याचा पाव? तो दाराबाहेरच राहिला. इथे पाण्यात विरघळणारा कागद लावतात, तत्त्व मात्र पावाचंच.

ठिणगी. वितळलेल्या धातूचं डबकं चमकतं. स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा दीडपट फुगतं आणि उष्णता मात्र तिसरा हिस्साच वाहून नेतं, म्हणून जोड तुमच्याकडे खेचला जातो. तालमीत हेच हाताला कळलं होतं. तार द्या. सरका. डावा हात. द्या. खांद्यावर थाप पडते: तीन मिनिटं. अर्धा इंच राहिलाय. घाई केलीत तर छिद्र, रेंगाळलात तर केस पुढे. सरका. द्या. थाप.

बाहेर.

पेन उजेडाकडे धरता. केस चाळीसवर. वहीत आकडा लिहिला जातो. मोजे उलटे काढा, अंगरखा उलटा काढा, हात-पाय यंत्रावर ठेवा. यंत्र गप्प आहे, चला पुढे. तुमचा जोड नंतर तपासला जाईल, पण नेहमीसारखा किरणांनी फोटो काढणं इथे अवघड, आधीच किरणांनी भरलेल्या जागेत फिल्म धुरकटते. तपासणीचा निकाल तुम्हाला कुणी सांगेलच असं नाही. नवा आधार बसवून पाणी सुरू झालं, थरथर थांबली, की तोच निकाल.

परत वडाळा. संध्याकाळ, चाळीचा व्हरांडा, ट्रान्झिस्टरवर विविध भारती, शेजारचे भाऊ विडी विझवून विचारतात.

"काय रे, पंधरा दिवस कुठे होतास?"

"तारापूरला. एक पाईप जोडला."

"केवढा?"

तुम्ही अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवता.

"आणि वेळ किती लागला?"

"चार मिनिटं."

भाऊ बराच वेळ तुमच्याकडे बघतात. मग आत वळून वहिनींना सांगतात, "अगं, ह्याला चहा टाक. दमलेला दिसतोय."