लोणारच्या दगडाची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. ते दख्खनच्या बेसाल्टात असल्यामुळे ज्वालामुखीचेच असावे, हे मत दीर्घकाळ सहज मान्य होत आले. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ साली अ‍ॅरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले. पण गंमत अशी की, अ‍ॅरिझोनाचे विवरही त्यांनी बाष्पस्फोटाचेच ठरविले. केवळ आकारावरून हा वाद मिटणारा नव्हता.

निकाल लागला तो घनपदार्थांच्या यामिकीने. लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट आढळल्याचे फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या स्फटिकावर दोन ते चार लाख वातावरणांइतका दाब क्षणार्धात आला, की त्याची अणुरचना विस्कटून त्याची काच होते. कणाचा बाह्य आकार मात्र जसाच्या तसा राहतो. इतका दाब ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही. तो अशनीच्या आघातानेच संभवतो. आघात सोसलेला बेसाल्ट पृथ्वीवर विरळाच, म्हणून चंद्रावरील खडकांशी ताडून पाहण्यासाठीही लोणारचे नमुने अभ्यासले गेले. पदार्थ-अभियांत्रिकी म्हणजे पोलाद आणि काँक्रीट, एवढीच कल्पना बाळगणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

विवराचे वय मात्र वादग्रस्त आहे. तप्तदीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनाने सुमारे ५.७ लाख. आघाताने वितळलेल्या काचेत मूळ बेसाल्टातील जुना आर्गॉन कितपत उरतो, हा त्यातील एक अवघड प्रश्न होय.