सहा फ्लॉप्यांतला चिंतामणी

यवतमाळला छापखाना नवा नाही. लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ साली ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं ते इथूनच. पण आमची छपाई पिढ्यान्‌पिढ्या काळ्या शाईची. खिळे जुळवायचे, ट्रेडलवर कागद लावायचा. पत्रिकेवर गणपती हवा तर जस्ताचा ब्लॉक, लाल शाईत; म्हणजे रोलर धुवा आणि तोच कागद पुन्हा मशीनवर घाला. रंगीत चित्र मागणाऱ्या पार्टीला आम्ही शिवकाशीचं तयार कार्ड दाखवायचो. मजकूर तेवढा आमचा.

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं. पेजमेकरमध्ये पान लावायचं, बटर पेपरवर लेझर प्रिंट काढून त्यावरून प्लेट. तेही काळंच. रंग आला तो पोस्टस्क्रिप्टच्या वाटेनं, आणि हे नाव आम्ही प्रिंटच्या चौकटीपलीकडे कधी वाचलं नव्हतं. वॉर्नॉक आणि गेश्की या दोघांनी १९८२ मध्ये अमेरिकेत अडोबी कंपनी काढली आणि दोन वर्षांत ही भाषा आणली. तिच्या लेखी पान म्हणजे हुकमांची यादी. डाव्या खालच्या कोपऱ्यातून मोज, इंचाचे बहात्तर भाग धर, इथे अक्षर ठेव, तिथे रेघ ओढ, शेवटी ‘शोपेज’. सुरुवातीला फोटोचा हुकूम काळ्या-करड्यापुरताच होता. रंगीत फोटोचा ‘कलरइमेज’ मागाहून जोडला गेला आणि ‘लेव्हल टू’ या भाषेच्या पुढच्या आवृत्तीत कायम झाला.

मराठीवाल्यांना तिचा खरा आधार अक्षरासाठी होता. श्रीलिपी, आकृती, ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची मांडणी. फिल्म काढायला आपली फाइल नागपूरला नेली आणि तिथल्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘शुभविवाह’चा नुसता कचरा. पोस्टस्क्रिप्ट फाइल काढताना फॉन्टही तिच्यातच भरता यायचा, म्हणून अक्षर शाबूत पोचायचं.

चित्राचा मात्र जीव मोठा. कळंबच्या चिंतामणीचा चार बाय सहा इंचांचा फोटो घ्या. इंचाला तीनशे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चार शायांचे चार आकडे: साडेआठ एमबीच्या वर, म्हणजे सहा फ्लॉप्या. त्यात जुन्या पद्धतीनं एकेक आकडा दोन अक्षरांत लिहिला जायचा, की फाइल दुप्पट. लेव्हल टूनं चित्र दाबून भरायची सोय दिली, हा माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा उपकार. रंगाच्या बाकी करामती आमच्या कामाच्या नव्हत्या.

फाइल घेऊन कळंब, वर्धा करत एसटीनं नागपूर. तिथे चार फिल्म निघत, आणि चारही काळ्याच! ‘पैसे रंगाचे घेतले, रंग कुठाय?’ असं पार्टी हमखास विचारायची. रंग येतो छापतानाच्या शाईतून; फिल्मवर नुसते ठिपके, शाईगणिक एक फिल्म आणि तिचा वेगळा कोन: निळी शाई पंधरा अंशांवर, गुलाबी पंच्याहत्तर, काळी पंचेचाळीस, आणि डोळ्याला सगळ्यात कमी दिसणारी पिवळी शून्यावर. कोन चुकले की देवाच्या चेहऱ्यावर जाळी. पूर्वी हे काम कॅमेऱ्यासमोर काचेची जाळी फिरवणारा कारागीर करायचा. आता ते आउटपुटवाल्याचं ‘रिप’, म्हणजे पोस्टस्क्रिप्टचे हुकूम वाचून ठिपके पाडणारी यंत्रणा, करू लागलं. त्या कारागिराला मग कुणी विचारलं नाही.

फिल्मही आता गेली. प्लेट सरळ कॉम्प्युटरवरून निघते, आणि नागपूरला जाते ती पीडीएफ, पोस्टस्क्रिप्टच्याच घरातली, १९९३ ची. मोबाइलवरून आलेला, दाबून बारीक झालेला फोटो घेऊन पार्टी येते, तेव्हा मी इंचाला तीनशे ठिपक्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सांगतो.